रूम जुन्या भागातली आहे ना, ते आधी विचारा

मागच्या अंकात जुने वाडे, राजवाडे आणि पोर्तुगीज काळातली घरं यांत सुरू झालेल्या हॉटेलांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा प्रश्नोत्तरांचा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं पत्र राहिलं असेल तर पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, आईबाबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं होतायत. दोघांनी आयुष्यभर कुठे हॉटेलात राहायचं म्हणजे लॉज एवढंच बघितलंय, म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलंय की या वेळी एखाद्या जुन्या ऐतिहासिक वास्तूतल्या चांगल्या हॉटेलात तीन-चार दिवस ठेवायचं. सावंतवाडी की पणजी? बाबांचे गुडघे दुखतात आणि आईचं म्हणणं आहे की "जुन्या घरात तर आपण राहतोच की, त्यासाठी पैसे कशाला". – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पन्नास वर्षं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, आधी दोघांना आमचा नमस्कार सांगा. दोन्ही ठिकाणं सुंदर आहेत, पण बाबांच्या गुडघ्यांकडे बघून मी सावंतवाडी आधी म्हणेन आणि अंगात ताकद उरली तर शेवटची एक रात्र पणजी. रत्नागिरीहून ट्रेनने तीनेक तासांत सावंतवाडी रोड येतं, पण स्टेशन गावात नाहीये, मळगावला आहे, तेव्हा हॉटेलवाल्यांनाच गाडी पाठवायला सांगा, आईबाबांना घेऊन रिक्षाची घासाघीस करत उभं राहू नका.

सावंतवाडीला मोती तलावासमोर जो राजवाडा आहे तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ या दरम्यानचा. त्याच आवारातल्या ताईसाहेब वाड्यात आता हॉटेल आहे, खोल्या मोजक्याच आणि सजावट गंजिफातल्या अवतारांवरून केलेली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी संचात १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं. ही कला जवळजवळ संपत आली होती तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः लक्ष घालून ती पुन्हा उभी केली, आणि आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पानं रंगवताना दिसतात. मी गेले होते तेव्हा एक बाई मत्स्यावताराच्या पानावर माशाचे खवले काढत होत्या, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या गोल तुकड्यावर एकेक खवला वेगळा, मान वर न करता, आणि दर दोन-तीन रेघांनंतर ब्रशचं टोक बोटावर फिरवून बघायच्या की रंग जास्त झाला का. तुमच्या आईला तिथे जरा वेळ बसू द्या. घरात आपण राहतोच हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण आपल्या घरात त्यांना उठून चहा टाकावा लागतो, इथे तो हातात येईल आणि समोर तलाव असेल, बाकी काही समजवायला जाऊ नका.

संध्याकाळी तलावाच्या काठाने सपाट रस्त्यावर चालता येतं, बाबांना ते जमेल. चितारआळीत लाकडी खेळण्यांची आणि लाकडी फळांची दुकानं आहेत तिथे मात्र गर्दीच्या वेळी नेऊ नका.

पणजीत फोंतेन्हास भागात १८८० च्या दशकातल्या एका घरात पणजिम इन नावाचं हॉटेल आहे, आणि त्यांच्याचकडे एक चौकाचं जुनं हिंदू घरही आहे. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली आणि नंतरच्या काळात वाढलेला हा भाग, त्यामुळे गल्ल्या अरुंद, घरं एकाला एक लागून, पावसाळा संपला की रंग लावायची जुनी पद्धत, चार खांबांचे पलंग, रस्त्यावर उघडणारी बाल्कनी, सगळं मन भरून जावं असं आहे. पण अशा घरांत चांगल्या खोल्या बहुतेक माडीवर असतात आणि जिना लाकडी, उभा. म्हणून कुठलंही हॉटेल असो, बुकिंगच्या आधी फोन करा, ऑनलाइन फोटोवर जाऊ नका. विचारा की रूम जुन्या वास्तूतली आहे की मागच्या बाजूला बांधलेल्या नव्या बिल्डिंगमधली, कारण बऱ्याच ठिकाणी नाव वाड्याचं आणि झोपायचं मागच्या स्लॅबच्या बिल्डिंगीत असा प्रकार असतो आणि पैसे मात्र वाड्याचे. मग विचारा की गेटपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, उंबरठे किती उंच, बाथरूममध्ये शिरताना पायरी आहे का (जुन्या घरात बाथरूम नंतर काढलेली असते आणि ड्रेनेजच्या उतारासाठी ती बहुतेक वर उचललेली असते, म्हातारी माणसं नेमकी तिथेच रात्री ठेचकाळतात), कमोडजवळ धरायला दांडी आहे का, पलंग किती उंच आहे. हे तोंडी सांगताना लोक "काही प्रॉब्लेम नाही हो" म्हणून मोकळे होतात, त्यापेक्षा सरळ व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि गेटपासून पलंगापर्यंत मोबाइल घेऊन चालत जायला सांगा. चांगले हॉटेलवाले आनंदाने करतात. जो टाळतो तिथे आईबाबांना नेऊ नका, इतकं साधं आहे.

पणजीला ट्रेनने गेलात तर करमळीला उतरा, ते जवळ पडतं.

प्रश्न : जुलैत आम्ही किनाऱ्यावरच्या एका जुन्या बंगल्यात राहिलो, हेरिटेज म्हणून जाहिरात होती आणि भाडंही तसंच. पण रूममध्ये शिरल्या शिरल्या कुबट वास, भिंतीचा रंग फुगलेला, सकाळी चादर दमट. मॅनेजर म्हणाला की कोकणात जुनं घर म्हटलं की ओल असणारच. खरंच असं असतं का, मग आमचे आजीआजोबा कसे राहायचे? – वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. मॅनेजरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि या विषयावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण ही समजूत इतकी पसरलीय की लोक चांगली घरं पाडतायत.

आपल्याकडची जुनी भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेवर राहिला की कडक होतो, पण कडक झाला तरी स्पंजासारखा सच्छिद्रच राहतो. पावसाळ्यात तो जमिनीतलं पाणी वर ओढतो, त्यात काही नवल नाही, आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तर पाणी जाणार कुठे. जुन्या लोकांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी जोतं उंच घेतलं, छपराची वळचण बाहेर काढली म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील, पश्चिमेला पडवी ठेवली म्हणजे झड थेट भिंतीवर येणार नाही, आणि गिलावा चुन्याचा केला. चुन्याच्या गिलाव्यातून वाफ बाहेर जाते. म्हणजे भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं, वारा लागला की सोडून देते. दीड-दोन फुटांची भिंत असल्यामुळे मे महिन्यात दुपारी आत गारवा राहतो तो वेगळाच.

आता काय होतं की कुणीतरी ते घर हॉटेलसाठी घेतं आणि पहिलं काम म्हणजे चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा चढवतं, वर प्लास्टिक पेंट, कारण तो फोटोत गुळगुळीत दिसतो. सिमेंटमधून वाफ नीट जात नाही, पाणी आत अडकतं, ते वाट शोधत वर वर चढतं आणि मग रंगाचे फुगे येतात, पापुद्रे सुटतात, मागे पांढरा खार दिसतो. पुढच्या वेळी कुठल्याही जुन्या हॉटेलात गेलात की पलंगाच्या मागची भिंत बघा, कपाट असेल तर कपाटामागची, कारण तिथे कुणी नव्याने रंग लावत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक आडवी रेघ दिसेल, खाली रंग गडद आणि वर फिका. बोटाच्या पेराने हलकं ठोकून बघा, बद्द पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलाय आणि मधे पाणी आहे. अशा रूममध्ये अगरबत्ती लावून काही उपयोग नाही, रूम बदलून मागा.

दुसरं म्हणजे छप्पर. कौलारू छपरात फटी असतात, गरम आणि दमट हवा वर जाते आणि त्या फटींतून बाहेर पडते. मंगलोरी कौलं आपल्याकडे आली ती बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर, त्याआधी नळ्याची कौलं होती, पण तत्त्व तेच. त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग मारून, खिडक्या सील करून एसी बसवला की हवेचा तो सगळा रस्ताच बंद होतो. मी एसीच्या विरोधात नाही हां, पाहुण्याला एसी हवा असतो आणि त्याने तो मागावा, फक्त पावसाळ्यात एसी ड्राय मोडवर २६ ला ठेवा आणि तो चालू असताना खिडकी उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा गार भिंतीला लागून भिंतीवर पाणी सुटतं आणि चादर दमट होते ती त्यामुळेच. दुपारी बाहेर जाताना मात्र एसी बंद करून, पाऊस उघडला असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवायला सांगा, पंखा चालू.

पैसे परत मागायचे असतील तर रूम सोडायच्या आत फोटो काढून लेखी तक्रार द्या, घरी गेल्यावर लिहिलेल्या रिव्ह्यूचा तुम्हाला स्वतःला काही फायदा होत नाही. आणि जुलैत जायचंच असेल तर बुकिंगच्या वेळी एकच विचारा, गिलावा चुन्याचा आहे का. ज्या मालकाने चुना राखलाय तो इतक्या अभिमानाने सांगायला लागतो की फोन ठेवता ठेवत नाही, आणि अशा मालकाच्या घरात तुम्ही पावसात बिनधास्त राहा, कोकणातला पाऊस बघायला त्यासारखी दुसरी जागा नाही, ओटीवर खुर्ची टाकून बसायचं नुसतं.

प्रश्न : मुंबईचं ताजमहाल हॉटेल उलटं बांधलं गेलं आणि ते बघून आर्किटेक्टने जीव दिला असं आमचे सर वर्गात म्हणाले. खरं आहे का? आणि आम्ही दहावीनंतर आत्याकडे जाणार आहोत तेव्हा आतून बघता येईल का? – विद्यार्थी, मालवण

उत्तर : नाही रे बाळा, ही गोष्ट खूप ठिकाणी सांगितली जाते पण खरी नाहीये, सरांना मान देऊन नीट सांग. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला. नकाशे काढणारे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य हे काम पुरं व्हायच्या आधीच वारले, म्हणजे पुरी झालेली इमारत त्यांनी बघितलीच नाही, आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं. जुनं मुख्य दार शहराच्या बाजूला होतं कारण लोक घोडागाडीने शहरातून यायचे, तो भाग आता आत गेला आणि तिथे स्विमिंग पूल आहे. दार त्या बाजूला ठेवल्यामुळे समुद्राची बाजू खोल्यांना मिळाली, हे मुद्दाम केलेलं आहे, चूक नाही. आणि अजून एक गंमत सरांना सांग, गेटवे ऑफ इंडिया पुरं झालं १९२४ मध्ये, म्हणजे हॉटेल त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठं आहे, समुद्रातून येणारा माणूस तेव्हा आधी हॉटेलचा घुमट बघायचा.

आतला मोठा जिना सोराबजी कॉन्ट्रॅक्टर यांनी बांधला, मधे आधाराचा खांब नाही आणि तो आजही तसाच आहे. २००८ च्या हल्ल्यात जुन्या भागाचं फार नुकसान झालं, दुरुस्ती करून तो भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा सुरू झाला. त्या दिवसांत तिथल्या स्टाफने पाहुण्यांना कसं वाचवलं ते आत्याला विचार, मुंबईत त्या वेळी असलेल्या प्रत्येकाला ते आठवतं.

आत बघायचं तर मोठ्या माणसांबरोबर चहा प्यायला जा, सिक्युरिटी चेक असतो. आणि हे तुझ्या आत्यासाठी : तिथे राहायचा विचार असेल तर पॅलेस विंग म्हणजे १९०३ ची जुनी वास्तू आणि टॉवर विंग म्हणजे सत्तरच्या दशकात बांधलेली उंच बिल्डिंग. दोन्हीकडून समुद्र दिसतो, पण ज्याला जुन्या वास्तूत राहायचंय त्याने बुकिंग करताना पॅलेस विंगच हवं असं स्पष्ट म्हणावं.

प्रश्न : बिलावर मला १८ टक्के जीएसटी लागला, मित्राला दुसरीकडे ५ टक्के, हेरिटेज हॉटेलला जास्त टॅक्स असतो का? वर सर्व्हिस चार्जही लावला होता. – वाचक, महाड

उत्तर : हेरिटेजचा संबंध नाही, टॅक्स रूमच्या भाड्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. तुमची रूम आठ हजारांची असेल तर दोन रात्री राहताना थोडी सूट मागून भाडं साडेसातच्या आत आणता येतं का ते विचारा, दोघांचाही फायदा आहे. सर्व्हिस चार्ज देणं तुमच्या मर्जीवर आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. काउंटरवर शांतपणे सांगा की हा काढून द्या. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन. पण ज्या पोऱ्याने तीन दिवस तुमच्या बॅगा उभ्या जिन्यावरून वर-खाली केल्या त्याच्या हातात काहीतरी ठेवा, ते मनापासून सांगते.

प्रश्न : थिबा पॅलेसमध्ये राहता येतं का हो? नेटवर फोटो बघून सासूबाईंनी हट्ट धरलाय. – वाचक, सातारा

उत्तर : राहता येत नाही, तिथे म्युझियम आहे. पण सासूबाईंना दाखवायला जरूर न्या. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, हा राजवाडा त्याच्यासाठी बांधून तयार झाला तो १९१० मध्ये, म्हणजे इतकी वर्षं तो दुसऱ्याच बंगल्यांत राहिला आणि या घरात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. मला स्वतःला हा राजवाडा फार जड करतो, तिथे हॉटेल नाही ते बरंच आहे. मुक्काम गावातल्या साध्या स्वच्छ हॉटेलात करा, संध्याकाळी थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी बघा आणि दुसऱ्या दिवशी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर. ते कोकणी पद्धतीचं घर आहे, ओटी, माजघर, माडी सगळं जसंच्या तसं राखलंय, वर चिऱ्याच्या घराबद्दल जे लिहिलंय ते सगळं तिथे डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : ताई मी चोवीस वर्षांची आहे, एकटीच पणजीला जुन्या घरातल्या हॉटेलात राहणार आहे. आई म्हणते जुन्या घरात रात्री आवाज येतात, कड्या नीट नसतात. काय सांगू तिला? – देवरुखहून

उत्तर : आईचं दोन्ही बरोबर आहे आणि तरीही तू जा. आवाज येतात ते लाकडाचे. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री गार होताना कडकडतं, आणि माडीवरच्या तक्तपोशीवर कुणी चाललं की खालच्या खोलीत पाऊल न पाऊल ऐकू येतं. झोप हलकी असेल तर वरच्या मजल्यावरची रूम माग, म्हणजे डोक्यावर कुणी चालणार नाही. कडीचं बघायलाच हवं. जुन्या दाराला अडसर किंवा कोयंडा असतो, दिसायला छान, पण आतून लागणारी आजच्या काळातली एक मजबूत बोल्ट हवीच, बाथरूमची खिडकी गॅलरीत उघडत असेल तर तिलाही. शिरल्या शिरल्या दोन्ही लावून बघ, नसेल लागत तर बॅग उघडायच्या आधीच रूम बदलून घे. रात्री रिसेप्शनला कोण असतं ते विचार, कारण अशा छोट्या हॉटेलांत अकरानंतर कधी कधी फक्त वॉचमन असतो. आईला हॉटेलचा लँडलाइन नंबर देऊन ठेव.

अजून एक, फोंतेन्हासमध्ये फोटो काढताना जपून. ती लोकांची राहती घरं आहेत. रोज कुणीतरी आपल्या पायरीवर पोज देऊन बसतं म्हटल्यावर तिथली माणसं वैतागलीयत आणि काही घरांवर तसे बोर्डही लागलेत. दारात कुणी बसलं असेल तर आधी हसून विचार, मराठीत विचारलंस तरी चालतं.

प्रश्न : आमचा घर राजापूर तालुक्यात आसा, चिऱ्याचा, पणजोबांनी बांधलेला, शंभरच्या वर वर्षं झाली. आम्ही सगळे मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात जातो, बाकी वर्षभर बंद. एक जण भाड्याने घेऊन हेरिटेज हॉटेल करू म्हणतोय, पण तो म्हणतो पुढचा भाग तेवढा ठेवू, मागचं पाडून आठ रूम काढू. चुलत्यांमध्ये दोन गट पडलेत. काय करावं? – वाचक, सध्या विरार

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ विचार करत होते. बंद घर कोकणात टिकत नाही, वाळवी आणि पाऊस दोघं मिळून चार-पाच वर्षांत संपवतात, तेव्हा घरात माणसं राहायला येणार असतील तर ते चांगलंच आहे आणि त्यासाठी भाडं मिळालं तर त्यात काही कमीपणा नाही. पण मागचं पाडून आठ रूम याला माझा स्पष्ट विरोध आहे. दर्शनी ओटी ठेवली आणि मागचं माजघर, न्हाणीघर, विहिरीकडची पडवी पाडली तर उरतं काय, पाहुणा झोपणार स्लॅबखाली आणि फोटो काढणार ओटीचा. पुढच्या पाच वर्षांत तसल्या हॉटेलाला कुणी विचारणार नाही आणि तुमचं घर तर गेलेलं असेल.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात हेरिटेज हॉटेल म्हणून यायला वास्तू १९५० च्या आधीची लागते आणि दर्शनी भाग, बांधणी यांचं मूळ रूप राखलेलं लागतं. तुमचं घर वयात बसतं. पण खरं सांगू, तुमच्यासारख्यांना त्या मोठ्या वर्गीकरणाच्या मागे लागायची गरजच नाही, राज्याच्या पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना अशाच घरांसाठी निघाली, मोजक्या खोल्या, घरचं जेवण, घरातलं कुणीतरी तिथे राहणारं. तुमच्या पत्रात तळाशी एका काकांचं लिहिलंय की रिटायर होऊन गावी यायला तयार आहेत, मला वाटतं तुमचं उत्तर ते काका आहेत. बाहेरच्या माणसाला घर द्यायच्या आधी त्यांच्याशी बसून बोला.

आता कागद. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडचा असेसमेंटचा उतारा काढा, त्यावर नाव पणजोबांचंच असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर आधी वारसांची नावं लावून घ्या, आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती, मुलींची धरून, बहिणींना विसरू नका. भाडेकरार करायचाच झाला तर त्यात साफ लिहून घ्या की कुठली भिंत, कुठलं दार, कुठला खांब हलवायचा नाही, कौलं काढून पत्रा घालायचा नाही, सिमेंटचा गिलावा करायचा नाही. "मूळ रूप राखून" असं मोघम लिहिलेलं काही कामाचं नाही, खोलीगणिक लिहा आणि प्रत्येक खोलीचे फोटो कराराला जोडा.

घरात काय बदलायचं तर तीनच ठिकाणी सढळ हाताने खर्च करा. बाथरूम, त्या मागच्या पडवीत नव्याने काढा, मूळ खोल्यांच्या आत घुसवू नका म्हणजे पाण्याची लाइन चिऱ्याच्या भिंतीतून जाणार नाही. वायरिंग, पूर्ण नवीन, अर्थिंगसकट, कारण जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरवर गीझर आणि एसी लावणं म्हणजे सागाच्या तुळयांच्या घरात आगीला बोलावणं. आणि तिसरं गाद्या, त्या उत्तम घ्या, माणूस दिवसभर घराचं कितीही कौतुक करो, रात्री पाठ दुखली तर पुन्हा येत नाही. बाकी फणसाच्या लाकडाची दारं, कोनाडे, झोपाळ्याच्या कड्या, देवघर यांना हातही लावू नका. जमीन सारवलेली असेल आणि रोज सारवणारं माणूस मिळत नसेल तर लाद्या घाला, पण गुळगुळीत चकचकीत नकोत, ओल्या पायाने घसरायला होतं.

सगळ्यात आधी, म्हणजे कुणाशीही बोलणी पुढे न्यायच्या आधी, येत्या एप्रिलमध्ये शाकारणी करून घ्या. फुटकी कौलं बदला, वळचणीखालचं पाणी घरापासून लांब जाईल असा चर काढा, तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे वाळवी बघायला गावातल्या जुन्या सुताराला घेऊन जा, तो टाचणीने टोचून सांगतो आत किती पोकळ झालंय ते. चुलत्यांचा वाद मिटायला दोन पावसाळे लागले तरी घर तोवर उभं हवं. काकांना जमत असेल तर त्यांना मार्चअखेरच पाठवा, सुतार आणि गवंडी दोघंही एप्रिलनंतर मिळत नाहीत.